उपवासाचा दिवस आणि शुगरची गोळी

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी घरोघरी असते. शिवाय श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. आपल्या बचत गटांत कितीतरी जणींना शुगर आणि बीपी दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. उपवास आला की काहीजणी म्हणतात, "आज जेवण नाही, मग गोळी कशाला?" काहीजणी गोळी घेतात आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहतात. दोन्हींत धोका आहे.

शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढतं. साखर ७० च्या खाली गेली की हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. "उपवासाची चक्कर आहे" म्हणून पडून राहू नका. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा प्या. मग काहीतरी खा, उपवास सोडावा लागला तरी चालेल. बाई बेशुद्ध असेल तर तिच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता फराळ. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा म्हणजे कंदाचं नुसतं पीठ, त्यात चोथा जवळजवळ नाही. खिचडी, बटाटा, रताळं, केळी एकाच दिवशी आणि वर गोळी बंद, मग साखर चढणारच. त्यापेक्षा वाटीभर भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी, सोबत बिनसाखरेचं दही, काकडी, मूठभर शेंगदाणे घ्या. थोडं थोडं, दोन-तीन वेळा खा.

बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वाढलेलं प्रेशर दुखत नाही, पण हृदयावर आणि मेंदूवर ताण आणतं. वेफर्स आणि खारे दाणेही कमीच. दिवसभराचं सगळं मीठ मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं.

उपवासाच्या आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि दोन प्रश्न विचारा: यातली कोणती गोळी उपाशीपोटी चालत नाही? त्या दिवशी किती आणि कधी घेऊ? इन्सुलिन घेणारीने, गरोदर बाईने आणि किडनीचा त्रास असणारीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

आणखी एक. छातीत दडपण, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, थंड घाम, असं काही झालं तर ते उपवासाचं पित्त समजू नका. तेव्हाही १०८ च.

तीस वर्षांवरच्या बायकांची शुगर-बीपी तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा, आणि आपल्या गटात गोळ्या कुणाकुणाला चालू आहेत ते एकमेकींना माहीत असू द्या. चक्कर आली तर साखरपाणी देणारी शेजारीणच असते.

राम कृष्ण हरी.