पाहुणे येणार? घरच्या दुधाचं पनीर अन् दोन झटपट पदार्थ

बारसं असो की पोराचा वाढदिवस, पाहुण्यांपुढे पनीर ठेवायची पद्धत आता गावोगावी आली आहे. पण स्वस्तात मिळणारं सगळंच पनीर दुधाचं नसतं. वनस्पती तेल, स्टार्च वापरून केलेला माल ‘अ‍ॅनालॉग’ असतो. तो पनीर म्हणून विकता येत नाही. पण सुट्या मालावर लेबलच नसतं. मग दावणीला म्हैस असताना विकतचं कशाला?

असं करा पनीर : म्हशीचं १ लिटर दूध उकळून गॅस बंद करा. दोन चमचे लिंबूरसात तेवढंच पाणी घालून थोडं थोडं ओता, हळू ढवळा. हिरवट पाणी सुटलं की फडक्यात गाळा, थंड पाण्यानं धुवा अन् अर्धा तास वजनाखाली ठेवा. साधारण २०० ग्रॅम पनीर मिळतं.

तव्यावरचं पनीर : तुकड्यांना हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण अन् चमचाभर बेसन चोळा. थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परता.

मटकी-पनीर : वाफवलेली मोडाची मटकी, कांदा, काकडी अन् पनीर एकत्र करून वर लिंबू पिळा. तळणाची गरजच नाही.

गाळलेलं पाणी फेकू नका. कणीक मळायला वापरा. पनीर फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

विकतचं आणलंच तर तुकडा पाण्यात उकळून थंड करा, वर आयोडीनचे २-३ थेंब टाका. रंग निळा झाला, तर त्यात स्टार्च आहे.