मालदीवच्या रिसॉर्टवर आहात? मास हुनी मागाच!

मालदीवमध्ये सहसा एका बेटावर एकच रिसॉर्ट. बाहेर पडून टपरी शोधायची सोयच नाही! म्हणून बुफेतला पास्ता राहू द्या, नाश्त्याला ‘मास हुनी’ मागा. ट्यूना, ताजं खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू हातानं कुस्करून कालवतात, सोबत गरम रोशी. रोशी म्हणजे जवळजवळ आपली पोळीच.

खरी चव मात्र वस्तीच्या बेटावर. बोटीनं जा, चहाच्या दुकानात बसा, ट्यूना-खोबऱ्याचे तळलेले गोळे, म्हणजे ‘गुल्हा’, गरमागरम खा. ‘गारुधिया’ हे ट्यूनाचं पातळ सार भातावर घेऊन वर लिंबू पिळा. हेच सार तासन् तास आटवलं की दाट, तपकिरी ‘रिहाकुरू’ होतं. बोटभर चाटलं तरी अख्खा समुद्र जिभेवर! शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा जाऊ नका.