गाडी कधी तापते?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅरेजांत तापणारी गाडी आली की उपाय बहुधा ठरलेले असतात: रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंट बदला. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतो, म्हणूनच ते टिकून आहेत. पण पान्याला हात घालण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. गाडी नेमकी कधी तापते? माजिवड्याच्या कोंडीत उभी असताना, गायमुखचा चढ चढताना, की नाशिक महामार्गावर मोकळी पळताना? निदानाचे अर्ध्याहून अधिक काम या उत्तरातच होऊन जाते, असे माझे ठाम मत आहे; आणि तो प्रश्न न विचारता बदललेला प्रत्येक भाग खऱ्या दोषाचा माग पुसून टाकतो.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. जवळपास तितकीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी ८०-९० अंशांच्या आसपास तापले की थर्मोस्टॅट उघडतो, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथे हवा त्याची उष्णता काढून घेते. म्हणजे अटी दोनच: पाणी फिरले पाहिजे आणि हवा वाहिली पाहिजे. गाडी वेगात असली की हवा आपोआप मिळते. उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. त्यामुळे कल्याण-शीळ रस्त्यावरच्या रांगेत काटा चढला आणि वाट मोकळी होताच उतरला, तर संशय हवेच्या बाजूला घ्यावा: पंख्याची मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर, किंवा एसीच्या कंडेन्सरवर पावसाळ्यात बसलेला चिखलाचा थर. उलट, कोंडीत शांत राहणारी गाडी वेगात किंवा चढावर तापत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या वाटेत असतो: आतून बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप. वरचा होज कढत आणि खालचा गार असेल, तर पाणी अडल्याची खूण मिळालीच.

मग ठरलेले उपाय आले कुठून? मला वाटते, ते प्रीमियर पद्मिनीच्या काळातून आले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या त्या १०८९ सीसीच्या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला होता. इंजिन मंद चालले की पंखाही मंद, आणि गाडी उभी राहिली की नेमकी गरज असताना हवा कमी. पंख्यात बिघडण्यासारखे पट्ट्याखेरीज फारसे काही नव्हते, म्हणून मिस्त्रीचे लक्ष रेडिएटरकडे जाणे रास्तच होते. तो रेडिएटर तांब्या-पितळेचा. टाकी उघडून, नळ्यांत सळई घालून साफ करता येई, गळती डाग देऊन बुजवता येई. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते, म्हणून पंखा विजेवर चालणारा. १९९० च्या दशकात याच पट्ट्यात, कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात जुळणी झालेली प्यूजो ३०९ सुद्धा आडव्या इंजिनाचीच. आता पंखा उभ्या गाडीतही पूर्ण जोराने फिरू शकतो, पण त्याला हुकूम देणारी साखळी विजेची आहे. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांना सळईही चालत नाही आणि डागही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तिच्यावर घडलेली हाताची सवय मात्र अजून कामावर आहे.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणेल, की आपल्याकडे थंडी कुठे आहे, थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापायची थांबते हे आम्ही रोज पाहतो. ते खरे आहे. थर्मोस्टॅटच अडकलेला असेल तर थांबणारच. पण तेव्हा नवा बसवणे हा उपाय आहे. तो नसला की इंजिन नीट तापायला वेळ घेते, संगणक ते गारच समजून जास्त पेट्रोल सोडतो, झीजही वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येते आणि गाडी आणखीच तापते.

दुसरा आक्षेप कूलंटबद्दलचा. इथे पाणी गोठत नाही, आणि साधे पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते. दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत. मात्र निम्म्या ग्लायकॉलचे मिश्रण पाण्यापेक्षा वरच्या तापमानाला उकळते, आणि त्यातली रसायने ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. घोडबंदर रोडवर कित्येक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. तेच जड पाणी रेडिएटरमध्ये पडत राहिले, तर क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमधल्या अरुंद वाटांत थर धरतात. वर्षभराने दिसणाऱ्या दोषाची सुरुवात अशा एका बाटलीभर पाण्यापासून झालेली असू शकते.

स्कॅनर लावला की झाले, हा नवा विश्वासही मला धोक्याचा वाटतो. स्कॅनर फक्त सेन्सरला जाणवलेले सांगतो. पाणी इतके उतरले की सेन्सर उघडा पडला, तर तो वाफ मोजतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणून आधी गार इंजिनावर पातळी पाहायची. गरम रेडिएटरचे झाकण कुकरसारखेच दाब धरून असते, ते उघडायचे नाही. पाणी कमी होते पण गळती दिसत नाही, टाकीत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ झाले आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो, अशा खुणा जुळल्या तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. तरी हेड खोलण्याआधी टाकीतल्या वायूवर निळ्या द्रवाची चाचणी करता येते. जळलेला वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो. हेड उतरवणे, प्लेन करणे, नवे गॅसकेट बसवणे हा खर्च त्या चाचणीच्या कितीतरी पट आहे.

गिऱ्हाईक निदानाचे पैसे देत नाही, बदललेल्या भागाचे देते, ही मिस्त्रींची तक्रार मला सर्वांत वजनदार वाटते. अर्धा तास प्रश्न विचारण्यात आणि होज चाचपण्यात घालवून शेवटी एक रिले बदलला, तर बिल रिलेचेच होते. गाडीमालकांनी या अर्ध्या तासाची मजुरी आपण होऊन द्यायला हवी. नाहीतर गॅरेजला भाग बदलत राहण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

दुरुस्तीनंतरची परीक्षाही त्याच प्रश्नाला धरून व्हावी. कूलंट भरल्यावर अडकलेली हवा काढायची, आणि गाडी ज्या स्थितीत तापत होती त्याच स्थितीत तपासायची. कोंडीत तापणारी गाडी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर फिरवून काहीच कळत नाही. ती एसी बंद ठेवून जागेवर चालू ठेवावी, पंखा आपोआप सुरू होऊन आपोआप थांबेपर्यंत, आणि हे किमान दोनदा होईपर्यंत चावी मालकाच्या हाती देऊ नये.