संगणकावरचा सातबारा एकदा ताडून पाहा

शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्याला रेल्वे स्टेशन, आग्रा रोड आणि औद्योगिक वसाहत आहे. अशा गावात जमिनीला मोल, तसे तिच्या कागदालाही. पूर्वी हा कागद तलाठी आप्पांच्या दप्तरात असे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

फेरफार गाव नमुना ६ ला नोंदतात. तो मंजूर झाला की अंमल ७ वर येतो, आणि खातेदाराची एकूण जमीन ८-अ वर दिसते. एका नोंदीवर पुढचे सारे कागद चालतात. सोय यातच, अन् धोकाही यातच. क्षेत्राचा एक आकडा चुकला, तर पीककर्ज, खरेदीखत, भूसंपादनाचा मोबदला, सगळीकडे तीच चूक. संगणक काही बांधावर येत नाही. भरले तेच छापतो.

म्हणून शेतकरी बांधवांनी जुना हस्तलिखित उतारा नव्याशेजारी ठेवून नाव, गट, क्षेत्र, वारस, बोजा ताडून पाहावा. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस असतात; ती घडी करून खुंटीला अडकवू नये. बँकेच्या दारात चूक कळण्यापेक्षा आज घरी कळलेली बरी.