पसंती एक, दोन, तीन : प्रमाणशीर निवडणुकीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर २०१९च्या अखेरीस आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर कुटुंबासह सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यात वराड गावी येऊन गेले. वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे याच गावचे. गावचा नातू परदेशात पंतप्रधान झाला याचे कौतुक जिल्हाभर झाले. या नातवाच्या राजकारणाची सुरुवात मात्र संसदेत झाली नव्हती. ती झाली डब्लिनच्या उत्तरेला असलेल्या फिंगल काउंटी कौन्सिलमध्ये, म्हणजे एका स्थानिक स्वराज्य संस्थेत. १९९९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते तिथे उभे राहिले आणि ३८० मते मिळवून पडले. २००३ मध्ये पक्षाने त्यांना रिकाम्या झालेल्या एका जागेवर घेतले. २००४च्या निवडणुकीत त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मते पडली. त्या वर्षी आयर्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत पहिल्या पसंतीची इतकी मते दुसऱ्या कुणालाच मिळाली नाहीत.

आयर्लंडमध्ये एकेका प्रभागातून तीन ते सात जण निवडून येतात. मतदार पेन्सिलीने उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. जिंकण्यासाठी ठरावीक कोटा गाठावा लागतो. वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त आकड्याने भागायचे आणि उत्तरात एक मिळवायचा, की कोटा निघतो. पाच जागा आणि ६,००० मते असतील तर कोटा १,००१. एखाद्याला कोट्याहून जास्त मते पडली तर त्याची वरकड मते मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकाही तशाच पुढे सरकतात. सगळ्या जागा भरेपर्यंत फेऱ्या चालतात. आपल्या राज्यघटनेत या पद्धतीला एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हटले आहे.

आपल्या नेहमीच्या निवडणुकीशी ताडून पाहिले की फरक कळतो. मालवण ज्या कुडाळ विधानसभा मतदारसंघात येते, तिथे २०१४ साली वैभव नाईक यांनी नारायण राणे यांचा दहा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. २०२४ साली नीलेश राणे यांनी वैभव नाईक यांना आठ हजारांहून अधिक मतांनी हरवले. पहिल्या वेळी पराभूत उमेदवाराला साठ हजारांवर मते होती, दुसऱ्या वेळी सत्तर हजारांवर. दोन्ही वेळा त्या मतदारांच्या हाती एकही आमदार लागला नाही. सगळ्यांनी मिळून ओढलेल्या रापणीच्या जाळ्यातली मासळी वाट्यांनी वाटली जाते. इथे सगळी मासळी एकाच्याच टोपलीत जाते. प्रमाणशीर पद्धती निघाल्या त्या या वाटणीसाठी, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही थोडेथोडके नाहीत.

गैरसमज : ही परदेशी पद्धत आहे, आपल्याकडे कोणी वापरत नाही.

राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद या तिन्हींसाठी घटनेने हीच पद्धत घालून दिली आहे. सिंधुदुर्गातले शिक्षक आणि पदवीधर मतदार ३० जानेवारी किंवा २६ जून अशा तारखा सहज विसरतील, पण जांभळ्या शाईचे पेन विसरणार नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये कोकण शिक्षक मतदारसंघासाठी आणि जून २०२४ मध्ये कोकण पदवीधर मतदारसंघासाठी त्यांनी त्याच पेनाने नावांपुढे आकडे लिहिले. मालवणचे नगरसेवक आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेचे सदस्यही यातून सुटलेले नाहीत. विधान परिषदेवर स्थानिक संस्थांनी निवडलेले आमदारही जातात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांचा मिळून असा एक मतदारसंघ आहे आणि २०१८ साली तिथून अनिकेत तटकरे निवडून गेले.

त्याही मागे जाता येईल, पद्धत थोडी वेगळी असली तरी. १९३७च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. संख्येने कमी असलेल्या समाजाला आपली मते एकवटून माणूस निवडून आणता यावा, हा त्यातला हेतू. डॉ. आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच निवडणुकीत प्रांतिक विधानसभेत गेले.

गैरसमज : आकडे लिहून मत दिले म्हणजे निवडणूक प्रमाणशीर झाली.

इथे भलेभले चुकतात. कोकण पदवीधर मतदारसंघात जागा एकच असते. एकच जागा असताना वरच्या सूत्राने कोटा निम्म्याहून थोडा जास्त निघतो आणि तो ओलांडणाऱ्या एकालाच सगळे मिळते. पसंतीक्रम असतो, दुसऱ्या पसंतीची मोजणी होते, कमी मतांचे उमेदवार बाद होत जातात. प्रमाण मात्र कुठेच येत नाही, कारण एका जागेचे तुकडे करता येत नाहीत. प्रमाण येते ते एका प्रभागात अनेक जागा असल्या तरच. जागा जितक्या जास्त, तितका कोटा लहान : तीन जागांना साधारण पाव मते लागतात, पाच जागांना सुमारे सहावा हिस्सा.

गैरसमज : नगरपरिषदेच्या प्रभागातून दोघे निवडून येतात, म्हणजे तिथे प्रमाणशीर पद्धतच आहे.

२ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झाले. जिल्ह्यात मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ला या नगरपरिषदा आणि कणकवली नगरपंचायत त्यात होत्या. मालवणात दोन-दोन जागांच्या प्रभागांतून वीस नगरसेवक निवडायचे होते आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे मतदाराला तीन बटणे दाबायची होती : नगराध्यक्षासाठी एक, 'अ' जागेसाठी एक, 'ब' जागेसाठी एक.

'अ' आणि 'ब' या दोन वेगवेगळ्या लढती आहेत. प्रभागातल्या ५५ टक्के मतदारांनी दोन्ही बटणे एकाच पक्षाला दिली तर दोन्ही जागा त्या पक्षाला जातात आणि उरलेल्या ४५ टक्क्यांना काहीच मिळत नाही. त्याच दोन जागा पसंतीक्रमाने, एकाच मतपत्रिकेवर भरल्या असत्या तर कोटा एकतृतीयांशाहून थोडा जास्त निघाला असता आणि ४५ टक्क्यांना एक नगरसेवक मिळाला असता. बहुसदस्य प्रभाग ही प्रमाणशीर पद्धतीची गरज खरी, पण तेवढ्याने ती पद्धत येत नाही.

गैरसमज : जास्त आकडे लिहिले तर जास्त मते पडतात, आणि दुसरी पसंती दिली की पहिल्याचे नुकसान होते.

दोन्ही चूक. मत एकच असते, ते फक्त जागा बदलते. दुसऱ्या पसंतीकडे पाहिले जाते ते पहिला उमेदवार बाद झाल्यावर, किंवा त्याला लागतील त्याहून जास्त मते मिळाल्यावरच. त्यामुळे खालचे आकडे वरच्या नावाला कधीही मागे ओढत नाहीत. फक्त '१' लिहून थांबले तरी मत वैध राहते. मात्र तो उमेदवार बाद झाला तर ती मतपत्रिका पुढच्या फेऱ्यांत कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. आपल्याकडे मत बाद होते ते इतर कारणांनी : '१' लिहिलाच नाही, दोन नावांपुढे '१' लिहिला, आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, किंवा केंद्रावर दिलेले पेन सोडून खिशातले वापरले.

गैरसमज : पहिल्या पसंतीची मते जास्त असूनही हरणे म्हणजे मोजणीत गडबड.

१० जून २०२२ची राज्यसभा निवडणूक महाराष्ट्राच्या लक्षात आहे. सहा जागा, सात उमेदवार, २८४ वैध मते. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, त्यामुळे कोटा निघाला ४,०५८, म्हणजे ४०.५८ मते. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपचे धनंजय महाडिक यांना २७. निवडून आले महाडिक. कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते पडली होती, दोघांकडेही कोट्याहून सात मतांवर वरकड होती आणि ती दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. पक्षाने आपल्या आमदारांना कुणापुढे कितवा आकडा लिहायचा हे नीट आखून दिले होते. नियमाला धरूनच सगळे झाले. डाव बसला तो गणितामुळे.

खुद्द वराडकरांनाही याचा दुसऱ्या बाजूने अनुभव आला. फेब्रुवारी २०२०च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पदावर असलेले पंतप्रधान होते, तरी डब्लिन वेस्टमध्ये पहिल्या पसंतीत शिन फेन पक्षाचे पॉल डॉनेली पुढे गेले आणि वराडकर निवडून आले ते पाचव्या फेरीत. पण चार जागांच्या त्या मतदारसंघात मागे पडूनही त्यांची जागा राहिली, कारण इतरांच्या मतदारांनी त्यांना खालचे आकडे दिले होते. म्हणूनच तिथला उमेदवार दारोदार फिरताना दुसऱ्या पक्षाच्या मतदाराचेही दार ठोठावतो आणि निदान तिसरी पसंती तरी द्या, असे म्हणतो.

गैरसमज : आरक्षण आहेच, मग वेगळे प्रमाण कशाला?

अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. कोण उभे राहू शकते, हे त्यातून ठरते. प्रमाणशीर पद्धत ठरवते ते वेगळेच : कुणाला पडलेल्या मतांतून किती जागा निघतात. वीस जागांपैकी दहा महिलांना देणारी नगरपरिषद वीसच्या वीस जागा एकाच पक्षाला देणारीही असू शकते.

गैरसमज : स्वीकृत नगरसेवक आणि समित्या म्हणजे नेत्याच्या मर्जीचा मामला.

नावे नेते ठरवत असतील, आकडे कायदा ठरवतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५नुसार विषय समित्यांवरील सदस्य पक्षांच्या आणि गटांच्या तौलनिक संख्याबळाच्या प्रमाणात घ्यावे लागतात. वीस जणांच्या सभागृहात एका गटाचे बारा आणि दुसऱ्याचे आठ असतील, तर पाच जणांच्या समितीत तीन आणि दोन अशी वाटणी होते. स्वीकृत नगरसेवकांनाही तोच नियम लागू आहे. त्यांची संख्या निवडून आलेल्यांच्या दहा टक्क्यांवर जात नाही आणि त्यांना सभागृहात मतदानाचा हक्क नसतो. निकाल लागला की अपक्षांना घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे गट नोंदवायची जी घाई सुरू होते, तिचे कारण या भागाकारात आहे. एका अपक्षाने पारडे बदलले की समितीतली एक खुर्ची इकडची तिकडे होते.

म्हणजे मालवणच्या नगरसेवकाला हे दोन्ही तुकडे ओळखीचे आहेत. विधान परिषदेला मत देताना तो पसंतीक्रम वापरतो, पण प्रमाण नसते. समिती निवडताना प्रमाण असते, पण पसंतीक्रम नसतो. दोन्ही एकत्र असलेली निवडणूक त्याचा स्वतःचा मतदार कधी पाहत नाही.

गैरसमज : बाबासाहेबांनीच ही पद्धत नाकारली आहे.

१९४६ साली बंगालच्या विधानसभेतून घटना समितीवर ते याच पद्धतीने निवडून गेले. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धत मागितली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला आणि दोन कारणे दिली. मतदाराला निदान आकडे वाचता-लिहिता आले पाहिजेत, आणि देशात तेव्हा साक्षरता फार कमी होती. शिवाय सभागृहात फार गट झाले तर सरकार टिकणार नाही. राज्यसभा आणि विधान परिषद यांच्यासाठी मात्र त्याच घटनेत ही पद्धत आली.

२०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गची साक्षरता ८५ टक्क्यांहून जास्त होती, तेव्हा पहिले कारण इथे आता उरत नाही. दुसऱ्यात दम आहे. आयर्लंडमध्येही अलीकडे एका पक्षाचे सरकार क्वचितच येते आणि सत्ताधारी पक्षाने ही पद्धत मोडीत काढण्यासाठी १९५९ आणि १९६८ असे दोनदा सार्वमत घेतले. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. नगरपरिषदेत थेट निवडलेला नगराध्यक्ष सभागृहातल्या रोजच्या बहुमतावर उभा नसतो, त्यामुळे अस्थिरतेची भीती इथे कमी. पण नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह चार गटांचे, अशी कोंडी व्हायची शक्यता उरतेच.

गैरसमज : ही पद्धत नगरपरिषदेत आणायला घटनाच बदलावी लागेल.

नगरपालिकांच्या जागा प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडणुकीने भराव्यात, एवढे घटना सांगते. निवडणुकीचे तपशील राज्याच्या कायद्यावर सोपवते. इतरत्र स्थानिक संस्थांत असे बदल झालेही आहेत. श्रीलंकेने २०१८ची स्थानिक निवडणूक ६० टक्के जागा प्रभागांतून आणि ४० टक्के प्रमाणशीर अशी मिश्र घेतली. स्कॉटलंडमधल्या स्थानिक परिषदा २००७पासून पसंतीक्रमानेच निवडल्या जातात आणि मोजणी यंत्रावर होते. आयर्लंडने उलट मतदान यंत्रे विकत घेऊन अखेर भंगारात काढली. तिथे आजही हाताने, कधी कधी दोन-तीन दिवस मोजतात.

महाराष्ट्रात खरी अडचण दोन ठिकाणी येईल. मतदान यंत्रावर एका जागेसाठी एकच बटण दाबता येते, पसंतीक्रम लिहिता येत नाही. त्यासाठी मतपत्रिका किंवा वेगळे यंत्र लागेल. दुसरी अडचण आरक्षणाची. पाच जागांच्या प्रभागात तीन जागा महिलांच्या असल्या, तर तळाच्या महिला उमेदवाराला बाद करण्याआधी रिंगणात तिघी उरतात की नाही, हे प्रत्येक फेरीत तपासणारा नियम करावा लागेल. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गाच्या जागांसाठीही तसाच नियम लागेल, आणि तो १९६५च्या अधिनियमात विधिमंडळालाच घालावा लागेल.