भार किती, वाहन किती?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. मुंबई–नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून कसारा घाटाकडे जातो, तर कल्याणहून निघणारा रस्ता मुरबाडमार्गे माळशेज घाट चढतो. या मार्गांवरून आणि त्यांना मिळणाऱ्या गावरस्त्यांवरून खडी, विटा, भात व पेंढा यांची वाहतूक होते. त्यामुळे वाहनाने किती भार वाहावा, हा प्रश्न केवळ चालकापुरता उरत नाही.

मालवाहू वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात रिकाम्या वाहनाचे वजन आणि भारासह एकूण वजन नमूद असते. या दोहोंत जितका फरक, तितकाच माल भरता येतो. समजा, ट्रकचे एकूण वजन १८.५ टन व रिकामे वजन ६ टन आहे. तर त्यात १२.५ टनच माल नेता येईल. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट खडी, सुमारे सव्वाचार टन भरते. म्हणजे या ट्रकला तीन ब्रासही थोडे जास्तच होतात. चार ब्रास भरल्यास भार साडेचार टनांनी वाढतो.

जादा भाराचा पहिला परिणाम ब्रेकवर होतो. उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात व त्यांची पकड सुटत जाते. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणे आवश्यक असते. ट्रॅक्टरची ट्रॉली क्षमतेबाहेर भरल्यास ती उतारावर ट्रॅक्टरलाच पुढे रेटते. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग दाद देत नाही.

दुसरा परिणाम रस्त्यावर होतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असे दिसून आले, की आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्के वाढला, तर झीज जवळपास दुप्पट होते. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला गावरस्ता अशा वाहतुकीने अकाली उखडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार प्रमाणपत्रातील वजनापेक्षा अधिक भार वाहणे निषिद्ध आहे. वाहन मालक स्वतः चालवत नसला, तरी ते त्याच्या माहितीने वा आदेशाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. २०१९ च्या सुधारणेनुसार वीस हजार रुपये दंड, प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. पेंढा हलका असला, तरी तो हौद्याबाहेर वा मर्यादेपेक्षा उंच रचणे हाही गुन्हा आहे.

ग्रामपंचायतीच्या कामावर खडी वा मुरूम आणणाऱ्या वाहनाचे प्रमाणपत्र आणि वजनकाट्याची पावती पंचायत सदस्यांनी पाहावी. शिक्षकांनी ब्रासाचे गणित वर्गात सोडवून घ्यावे. एका खेपेत वाचलेल्या भाड्यापेक्षा चालकाचा जीव आणि गावाचा रस्ता निश्चितच मोलाचा आहे.