रुळांमागून धावलेले नकाशे

● १८५६ : विल्यम रँड यांनी शिकागोत छापखाना काढला. १८५८मध्ये आयर्लंडहून आलेले अँड्र्यू मॅकनॅली तिथे रुजू झाले.

● १८६८ : दोघांची ‘रँड मॅकनॅली’ कंपनी उभी राहिली. मुख्य काम रेल्वेची तिकिटे आणि वेळापत्रके छापण्याचे.

● १८७२ : रेल्वे गाइडमध्ये कंपनीचा पहिला नकाशा.

● तंत्र : पत्र्यावरच्या मेणाच्या थरात रेषा कोरून त्यावरून तांब्याचा ठसा घेत. नवा फाटा, नवे स्टेशन जोडणे सोपे झाले. नकाशे स्वस्त झाले.

● १८७६ : व्यापाऱ्यांसाठी ‘बिझनेस अ‍ॅटलस’.

● पारख : जाहिरातीच्या नकाशांत रेल्वे कंपन्या स्वतःचा मार्ग ठळक आणि सरळ दाखवत, प्रतिस्पर्ध्याचा पुसट. त्यामुळे नकाशा कोणासाठी छापला, हे आधी पाहावे.